पलीकडच्या तीराची खबर

११ जून १९७७

आज भिंतीतून कोणीतरी मराठी बोललं!

नीट लिहितो. सकाळच्या बोटीनं जुबैलहून बेटावर आलो. हे माझं तिसरं वर्ष. उन्हाळा लागला की ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे त्या कफीलचं, शेख नासिरचं, सगळं घर या बेटावर येतं. त्याच्या आजोबांच्या काळात मोत्यांची गलबतं उन्हाळ्यातच समुद्रावर जायची आणि बायका-मुलं इथं वाट बघत राहायची. तेव्हापासूनची रीत. मोती केव्हाच गेले. त्र्याहत्तरच्या लढाईनंतर सौदीत तेलाचा पैसा आला, मातीच्या खोल्या पाडून बंगला झाला. आता खोलीगणिक एसी आहे, आणि एसीसाठी मी आहे.

जनान्यातल्या मशीनचं काम असं चालतं — बायका खोलीतून उठतात, मोलकरीण 'खलास' असा पुकारा करते, मग मी बाहेरच्या अंगानं एसी ओढून उतरवतो. भिंतीला चौकोनी भोक उरतं, त्याला गोणपाट लावतो. आत बघायचं नाही. हे मला कोणी सांगितलेलं नाही. मला न सांगता कळतं, म्हणूनच कफील दरवर्षी कंपनीकडून मलाच मागून घेतो.

शेवटच्या खोलीचं मशीन उतरवलं, पण झाकणाचा स्क्रू खाऱ्या हवेनं धरला होता. हलेना. मी त्याला आपल्या भाषेत शिवी घातली. खोली रिकामी समजत होतो, तर गोणपाटामागून म्हातारा बायकी आवाज — "तोंड धुवून ये आदी. कुठचा रे तू?"

"वेलदूर," म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

 मग — "मी दाभोळची."

एका खाडीचे दोन काठ! मधे होडीनं जायचं तेवढं पाणी.

१३ जून १९७७

ती उम्म नासिर, नासिरची आई. म्हणजे खुद्द कफीलची. मूळ नाव नूरुन्निसा. बाप गलबतावर तांडेल होता, सागवान घेऊन इकडच्या बंदरांत यायचा. मोत्याच्या व्यापाऱ्यानं मागणी घातली, बापानं दिली. न्हाती-धुती झाली होती, एवढंच तिला आठवतं.

आणि या घरात सगळे सांगतात, आजी बहरीनची. नोकरमाणसांना हेच माहीत, जावयांना हेच. नातवंडांनासुद्धा! आमच्यासारख्या मजुरांच्या मुलखातली आजी या श्रीमंतीत कुठं बसवणार?

आज तिनं विचारलं, "आमच्या मोहल्ल्यात कधी आला होतास?"

आलो होतो. बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो तेव्हा मासळीसाठी खूपदा. पण आई पाण्याचा तांब्या बरोबर द्यायची — तिकडचं पाणी पिऊ नको म्हणून. हे मी सांगितलं नाही. नुसतं "हो" म्हणालो.

ती म्हणाली, "तांब्या घेऊन ना?" आणि हसली. "आता रोज माझ्याच घरचं पाणी पितोस, बाळकृष्णा."

कान गरम झाले. सातवीपर्यंत शिकून बाकी सगळं स्वतः वाचून शिकलेला माणूस मी, इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी घेऊन पुरं केलेला. या एका गोष्टीचा विचार कधी केला नव्हता.

३० जुलै १९७७

तिचा एसी मुद्दाम सावकाश साफ करतो. हे बरोबर नाही. कामात चालढकल मी कोणाची खपवून घेत नाही.

१९ जून १९७८

पुन्हा बेट. गोणपाट लावलं न लावलं तोच — "आलास? यंदा पाऊस कसा म्हणतात तिकडे?" जणू मी काल उठून गेलो होतो.

तिची भाषा जुनी आहे. काही शब्द आमच्याकडेही आता कोणी वापरत नाही. मधेच अरबीत घसरते आणि स्वतःवरच चिडते.

८ जुलै १९७८

आज तिनं मुद्द्याचं काढलं. धाकटा भाऊ होता, फकरुद्दीन. ती निघाली तेव्हा धक्क्यावर तिच्या ओढणीला धरून बसला होता, सोडवून घ्यावा लागला. "तो हाय का नाय, एवढी खबर मना आणून दे. सुट्टीवर जाशील तेव्हा."

मी म्हणालो, मुलालाच सांगा ना. एवढा मोठा माणूस आहे, विमान पाठवील.

"नासिरकडे तोंड उघडायचं तर हातात काही पाहिजे. भाऊ जिता असला तर सांगेन त्याला — मना एकदा घेऊन चल, मग मेले तरी चालेल. पण तिकडे कोणीच उरलं नसेल तर कशाला? आईमुळे पोराची मान उगाच खाली."

म्हणजे तिचं जाणं न जाणं माझ्या खबरीवर. मी शब्द दिला. मनात फुशारलोही — एवढ्या मोठ्या घरची बाई माझ्यावर विसंबते!

४ फेब्रुवारी १९७९, वेलदूर

होडीनं दाभोळला गेलो. बायको पद्मजा म्हणाली, "सुट्टीत घरी बसवत नाही का?" तिला काही सांगितलं नाही.

फकरुद्दीन आहे! मशिदीच्या मागच्या आळीत, पडवीत जाळं विणत बसला होता. डोळ्यांनी अधू, बोटं मात्र बिनचूक. मी नूरुन्निसाचं नाव घेतलं तशी बोटं थांबली.

"बुबू? जिती हाय?"

हो म्हणालो. वाटलं रडेल. तो भडकला. "इतक्या वर्सांत एक कागद नाय, एक माणूस नाय! आमी काय मेलो होतो? तिला सांग, भाव रागावलाय. असंच सांग. लहानपणी मी रागावलो का ती धावत यायची."

सुनेनं चहा आणला. प्यालो. पाणीही मागून प्यालो.

निघताना त्यानं माझा हात चाचपून धरला. "हात कामकऱ्याचा हाय. खोटं बोलणार नाय तू."

९ जून १९७९

बेटावर धावपळ. शेख नासिरच्या मुलीचं रियाधच्या फार मोठ्या घराण्यात ठरतं आहे. पाहुणे याच महिन्यात येणार.

मी जनान्याकडे निघालो तर मॅनेजर शौकतनं अडवलं. हैदराबादचा आहे, गोड बोलून कापतो. "मेस्त्री, रिश्ता पक्का होने तक इस घर में हिंदुस्तान का नाम नहीं. वो लोग समझते हैं दादी बहरीन की हैं. आप दीवार से बहुत बातें करते हो, सुना है."

मी विचारलं, "बड़े साब ने कहा है?"

"कहना पड़ता है क्या? आप तो समझदार आदमी हो." मग पानाची पिंक टाकावी तसं सहज म्हणाला, "आपके लड़के का कागज उन्हीं की मेज पर है ना?"

आहे. उदयचा व्हिसा. आयटीआय करून घरी बसला आहे. जुबैलच्या प्लँटवर जागा आहे, फक्त कफीलची सही हवी.

१० जून १९७९

धक्क्यावर शेख नासिर भेटला. माझ्याशी तो नेहमी अरबीत बोलतो, शौकत हिंदी करून सांगतो. आजही तसंच. सुट्टी कशी झाली, घरचे कसे आहेत. मग समुद्राकडे बघत एक प्रश्न. शौकतनं सांगितलं, "पूछते हैं, आपकी तरफ पुराने लोग बचे हैं अब?"

त्याचा चेहरा बघितला. शौकतचाही. मला काय ओळखायचं ते मी ओळखलं.

"नहीं साब," म्हणालो. "पुराने कोई नहीं बचे."

शेख नासिरनं समुद्रावरची नजर काढली. "खैर," म्हणाला आणि गेला. समाधान झालं असावं.

एकाला सांगितलं, आता दुसरीला तेच सांगावं लागणार. दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर माझा इथं राहायचा परवाना, इकामा, जाईल, उदयचा कागद जाईल. 

१२ जून १९७९

सांगितलं.

मशीन उतरवून होण्याआधीच तिनं विचारलं. "भेटला?"

मी म्हणालो, "नाही, आजी. गेला."

नुसतं एवढं म्हणून थांबायचं होतं. पण अर्धवट सांगितलेलं मलाच पटत नाही. कधी — मागल्या पावसाळ्यात. कशानं — तापानं. कबर कुठं — मशिदीच्या उतारावर, उंडीच्या झाडाखाली. मुलंबाळं? सगळी आफ्रिकेला गेली, घर बंद. तपशील इतके चोख जुळवले की माझंच मला खरं वाटायला लागलं. खोटं बोलायचं तर निदान गबाळं तरी बोलायचं. तिला संशयाला जागा राहिली असती.

 आतून हळू आवाजात दुआ सुरू झाली. जाळं विणत बसलेल्या जित्या माणसासाठी मेलेल्याची दुआ. आणि मी बाहेर उभा राहून मशीनच्या पत्र्याच्या फिन्स साफ करत होतो. ब्रश चालू ठेवला, हात थांबले असते तर तिला कळलं असतं.

शेवटी म्हणाली, "शेवटी माझं नाव घेतलं का रे त्यानं?"

"ते मला कोणी सांगितलं नाही," म्हणालो. तेवढं एकच खोटं मी बोललो नाही. त्याची काय शेखी!

१३ जून १९७९

दुपारी सगळ्या कामगारांना आतून जेवण आलं. भात, मटण, वर तळलेला कांदा आणि बेदाणे. मोठी परात. शौकत म्हणाला, "उम्म नासिर ने किसी के नाम पे खिलाया है. किसका नाम, बताती नहीं."

मला माहीत होतं कोणाचं.

ताट पुढ्यात आलं. न खावं तर सगळे विचारणार, मेस्त्री का जेवत नाही. खाल्लं. पाकिस्तानी सुतार म्हणाला, "मेस्त्री, और लो, आज तो बढ़िया है." आणखी घेतलं.

१५ जून १९७९

आईचा तांब्या मी गेली दोन वर्षं जुनाट समजून हसण्यावारी नेला. ती निदान परक्याच्या घरचं पाणी पीत नव्हती. मी उम्म नासिरच्या भावाच्या नावाचं अन्न गिळलं, भाऊ जिता असताना.

लिहून काय होतं? काही होत नाही. तरी लिहितो.

२ जुलै १९७९

पाहुणे येऊन गेले. ठरलं. शौकत मिठाई वाटत फिरतो आहे.

ती आता गोणपाटामागे बसते पण विचारत काही नाही. आज मीच म्हणालो, "आजी, तिकडे पाऊस चांगला लागला म्हणतात."

"लागू दे," म्हणाली. "आता माझं काय तिकडे?"

खरं सांगावं असं जिभेच्या टोकाशी आलं. तेवढ्यात वाटलं, आज सांगितलं तर ती लगेच मुलाकडे जाणार. मुलगा मला बोलावणार. मी गॅसचं प्रेशर बघायला लागलो. प्रेशर बरोबर होतं.

२१ ऑगस्ट १९७९

उदयचा व्हिसा झाला. शेख नासिरनं स्वतः सही केली. शौकतनं कागद हातात दिला आणि डोळा मारला. "कहा था ना, समझदार आदमी हो."

पद्मजाला तार केली. 'व्हिसा आला.' अक्षरं बरोबर आहेत का ते तारवाल्याकडून दोनदा तपासून घेतलं. आनंद शोधत होतो, सापडेना.

२९ नोव्हेंबर १९७९

उदय जुबैलला रुजू. कँपात माझ्या शेजारची खाट मिळाली. म्हणतो, "बाबा, तुमची वट आहे हां इथं! मला कसं मिळालं सगळे विचारतात." मी सांगितलं, कामावर लक्ष दे.

१७ मार्च १९८०

उम्म नासिर गेल्या. दम्मामच्या हॉस्पिटलात, झोपेत. शौकतनं कँपात येऊन सांगितलं. बेटावरचं घर यंदा उघडणार नाही म्हणतात.

आता ती गोष्ट माझ्याखेरीज कोणालाच माहीत नाही, असं मनात आलं. आणि क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. वाटलं ते वाटलं. लिहून ठेवतो.

३ एप्रिल १९८०

शेख नासिरनं घरी बोलावलं. शौकत नव्हता. मी दाराशीच उभा राहिलो. तो स्वतः उठून आला, मला बसवलं, आणि बोलायला लागला. तिच्या भाषेत. तिचेच जुने शब्द, तोच हेल.

"आये मना हेच बोलायची. चारचौघांत नाय, आमी दोघंच असताना. तू तिच्याशी बोलायचास ते मना ठाऊक होतं. धक्क्यावर मी तुना विचारलं तेव्हा बहरीनच्या दुकानात जहाजाची तिकिटं सांगून ठेवलेली. लग्नाआधी तिला घेऊन जाणार होतो, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. तू कोणी उरलं नाय म्हणालास, मग सोडून दिलं."

उदयच्या कागदाचंही त्यानं सांगितलं. आईनं मागे लागून करून घेतला. भावाची खबर आणायला खाडी ओलांडून गेला तो माणूस, त्याचं एवढं कर, म्हणाली होती.

 

विमानाची दोन तिकिटं त्यानं टेबलावर ठेवली. शुक्रवारची. "मामूच्या कबरीवर तिच्या कबरीवरची माती घालायची हाय. तू चल, जागा दाखव."