मुलगी मागायला

बाई, तुम्ही मुरबाडच्या आमच्या घरी आलात त्या दिवशी मी दाराआड उभी होते. दहावीचा निकाल लागला होता आणि वडिलांनी माझ्यासाठी स्थळ पाहिलं होतं. तुम्ही ओटीवर बसलात, आईने दिलेला कोरा चहा घेतलात आणि वडिलांना म्हणालात, ‘ही मुलगी मला द्या. मी तिला शिक्षिका करून दाखवते.’ वडील तुमच्यासमोर मान वर करत नसत. ते एवढंच म्हणाले, ‘तुमी सांगता तर नाय कसा म्हनू?’ माझं आयुष्य तिथे ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मी शिक्षिका झाले. शेणव्याच्या बाजूला एका शाळेत मराठी शिकवते, अजून तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. वर्षभर ज्यांच्यासोबत काम केलं तेच लोक टेबलापलीकडे बसून विचारतात, अनुभव आहे का. शिकवण्यापेक्षा मोबाईलवर माहिती भरणंच जास्त. रेंज मिळावी म्हणून पटांगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते. लग्न राहूनच गेलं. तुम्ही वर्गात आलात की आम्ही गप्प व्हायचो. माझ्यामागे मुलं म्हणतात, ‘ही बाई पुढच्या वर्षी नसनार.’

यंदा बारावीतली एक मुलगी दिवाळीनंतर यायची थांबली. तानशाकडच्या पाड्यावरची, निबंध लिहावा तर तिनेच. तिचं लग्न ठरलं होतं. अठरा पूर्ण झालेली, त्यामुळे कायद्याचं नाव काढायलाही जागा नव्हती. मी तिच्या घरी गेले, तुम्ही बसला होतात तशी बसले आणि तुमचंच वाक्य म्हटलं. बापाने आदबीने ऐकून घेतलं. ‘बाई, मी नाय अडवत,’ तो म्हणाला. ‘तिलाच विचारा.’

ती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ‘राग नका मानू बाई. मला नाय शिकायचा.’

‘का गो?’

‘शिकून तुमच्यासारखा व्हायचा ना? तुमी रोज एकल्या डबा खाता. साहेब आला का उभ्या राहता. आमी बघतो ना.’

मी चपला घातल्या आणि निघाले. तुम्ही काय बोलला असतात? की तुम्हाला असं तोंडावर सांगणारी मुलगी कधी भेटलीच नाही? तुम्ही वारलात तेव्हा सगळे म्हणत होते, बाईंनी किती मुलींना पायावर उभं केलं. पण त्या मुली पुढे कुठे उभ्या राहिल्या, हे विचारायला तुम्ही कधी आला नाहीत.

तिच्या हळदीला मी गेले. गाणाऱ्या बायकांत बसून ती हसत होती. मला बघून उठली, माझ्या गालाला हळद लावली, जेवून जा म्हणाली. मी थांबले नाही. शेवटची एस.टी. चुकेल, असं सांगितलं. खरं काय ते तुम्हालाच सांगते, आणि तेही हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून: ती खुशीत होती, बाई, आणि मला ते बघवलं नाही.