माझी इम्युनिटी आणि जॉयचा बाप्तिस्मा

६ फेब्रुवारी, पहाटे
वय एकोणसत्तर, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. जन्मभर शाळेत पीटी शिकवली. इम्युनिटी अजून पोरांपेक्षा चांगली. सोळा तारखेला नातवाचा, जॉयचा बाप्तिस्मा. चर्चमध्ये त्याला हातात घेऊन मीच उभा राहणार. लेकीला, मोनिकाला, बजावून ठेवलंय. सरावासाठी गव्हाची पिशवी घेऊन उभा राहतो. उजव्या बरगडीखाली आग होतेय. स्नायू वाढत असावेत.

८ फेब्रुवारी
बरगडीवर पुरळ. घामोळं. फेब्रुवारीत घामोळं येत नाही, असं मरियमचं म्हणणं. इतकी वर्षं संसार करूनही बायकोला जामखेडचं ऊन कळलेलं नाही. निश्चय : कडुलिंबाचा पाला. डॉक्टर नाही.

९ फेब्रुवारी
फोड आले. शेजारच्या राहीबाईनं पाहिलं. म्हणाली, मास्तर, नागीन हाय ही. दोन्ही तोंडं मिळाली की मानूस गेलाच. काव लावा. तिला विज्ञान समजावून सांगितलं.
संध्याकाळी काव, म्हणजे लाल गेरू, उगाळून लावली. आरशात पाहिलं. तोंडं अजून लांब आहेत.

१० फेब्रुवारी
शर्ट सहन होत नाही. सराव तात्पुरता बंद. मरियमनं पिशवीतले गहू दळायला दिले.

१२ फेब्रुवारी
मरियमनं दंडाला धरून दवाखान्यात नेलं. म्हणजे मीच गेलो, ती सोबत होती. डॉक्टर दिशा माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणे, लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू साठ वर्षं नसांत दडून होता. असे विषाणू जन्मभर आत राहतात. पहारा देऊन देऊन शरीराची फौज थकते, मग म्हातारपणी साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. मी म्हणालो, माझी फौज थकलेली नाही. ती म्हणाली, सर, तिला डुलकी लागली म्हणूनच तर हा बाहेर आला. पहिल्या तीन दिवसांत आला असता तर गोळ्या जास्त लागू पडल्या असत्या. उशिरा येणाऱ्याला मैदानाला किती चकरा मारायला लावायचात, असंही विचारलं.
आणि फोड वाळेपर्यंत बाळाला घ्यायचं नाही. त्याला कांजिण्या होतील.
मी एवढंच विचारलं, कोट घालून घेतलं तर? तिनं पुढचा पेशंट बोलावला.

१५ फेब्रुवारी
फोड वाळले, असं माझं मत. मरियमचं तसं नाही. कोट घालून पाहिला. कळ आली, खाली बसलो.

१६ फेब्रुवारी, रविवार
बाप्तिस्मा झाला. जॉयला मरियमनं घेतलं. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. पाणी पडताच पोरानं असं भोकाड पसरलं की पाळकसाहेबांचा आवाज बुडाला. फुफ्फुसं माझ्यावर गेलीत.
नंतर मोनिकानं त्याला लांबूनच दाखवलं. माझ्याकडं पाहून हसला. पप्पा, गॅस असेल, म्हणाली.
हात आपोआप पुढं गेले. मग मीच स्वतःला ऑर्डर दिली : विश्राम. दोन्ही हात पाठीमागं.