उघडी नळी

गुरुवार, संध्याकाळ. लालबाग.

पालकाच्या हरितलवकांतलं बायकार्बोनेट काढलं की इलेक्ट्रॉन पुढे जाताना अडखळतात, हे आज माझ्या गाईड मॅडमना दाखवायचं होतं. इलेक्ट्रॉनांचा वेग मंदावलाही! तेवढ्यात मॅडमनी नळीचं झाकण काढलं, वाकून म्हणाल्या, "बघू गं, खाली गाळ नाही ना बसला?" आणि वेग परत चढला.

"तुझा निष्कर्ष चुकला, थिसिसमधून हे प्रकरण काढून टाक."

अहो, तुमचा श्वास! उघड्या नळीत तोच गेला, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट झालं. म्हणजे माझंच बरोबर ना? पण बोलले का? नाही. नुसतं "हो मॅडम".

उद्या प्रयोग पुन्हा दाखवायची शेवटची संधी. त्या पुन्हा नळी उघडणारच. श्वास थेट नळीत जाऊ नये म्हणून आईच्या कपाटातून दोन मास्क घेतलेत. एक माझा. दुसरा त्यांच्यापुढे धरायची हिंमत होईल?