निवडून उरलेल्या मुलांचे घर

मी, बंद पडलेल्या सरकारी शाळेची शेवटची मुख्याध्यापिका, वय वर्षे एकाहत्तर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही कानाशी लागलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. म्हातारीचे डोके फिरले, असे माझा मुलगा म्हणेल. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. आता बोल म्हणावे.

१. माझा हा एकुलता एक मुलगा शिक्षण खात्यात मोठा अधिकारी आहे. निकालावरून शाळांना श्रेणी द्यायची आणि ती पाहून पालकांनी शाळा निवडायची, ही योजना त्याच्याच टेबलावरून निघाली. तिला माझा विरोध नव्हता. आमचे विज्ञानाचे सर भर वर्गात घोरायचे. मी तक्रारी करून थकले, वर कोणी ढिम्म हलले नाही. पालकांनी येऊन जाब विचारावा, असे मलाच वाटत होते. त्या सरांना मी काहीही ठेवत नाही, उशीसुद्धा नाही.

२. पण झाले भलतेच. चौकापलीकडची पहिल्या श्रेणीची शाळा परीक्षेआधी कच्ची मुले हळूच काढू लागली. "तुमच्या मुलाला इथलं झेपत नाही, दाखला घेऊन जा," असे गोड आवाजात सांगायचे. ती मुले आमच्याकडे यायची आणि मी एकालाही परत पाठवले नाही. त्या शाळेचा निकाल चढला, आमचा घसरला. जेवताना मी हे मुलाला सांगितले, तर म्हणाला, "आई, आकडे खोटं बोलत नाहीत." आमच्या फाटकावर शेवटच्या श्रेणीची पाटी लागली, उरलेले पालकही गेले. शाळेला कुलूप लावायच्या हुकमावर सही माझ्या पोटच्या पोराची होती. त्या पलीकडच्या शाळेच्या संचालकांना माझ्या अंत्यविधीला फिरकू देऊ नये.

३. यंदा परीक्षा तोंडावर आलेली असताना मुलगा अचानक घरी आला. बूट न काढता थेट आत. मागे नातू, मान खाली. पोरगा गणितात कच्चा आहे, बाकी गुणी आहे. त्याच शाळेने त्याच्याही हातात दाखला ठेवला होता.

"आई, याला तू घेशील ना?"

"कुठे घेऊ रे? कुलूप तूच लावलंस."

हा दिवस आला तर मला बरे वाटेल, अशी माझी समजूत होती. काही बरे वाटले नाही. नातवाचे तोंड बघवत नव्हते.

४. सबब, माझे राहते घर, तसेच शाळेच्या लिलावात मी विकत घेतलेले बाक आणि फळा, हे सर्व शाळांनी काढून टाकलेल्या मुलांच्या वर्गासाठी ठेवत आहे. बँकेतली शिल्लक शिक्षकाच्या पगाराला. मुले निवडून घ्यायची नाहीत, दारात येईल त्याला घ्यायचे. शिक्षक मात्र निवडूनच घ्यायचा. नातू रोज माझ्याशी हुज्जत घालत इथे शिकतोच आहे, म्हणजे वर्ग सुरू झाला असे धरावे.

शिवणयंत्र सुनेला. शाळा बंद झाल्यावर "आई, तुम्हाला करमतं का हो?" असे त्या घरातून तिने एकटीने विचारले होते.

५. मुलाला घर नाही, पैसे नाहीत. त्याला मी या वर्गाचा व्यवस्थापक नेमते. शाळांच्या जबाबदारीवर तो फार छान भाषण करतो, टाळ्या घेतो. आता दरवर्षी निकालानंतर पालकांना बाकांवर बसवावे, आपण फळ्यापाशी उभे राहावे आणि जे मूल मागे पडले ते का पडले, याचे उत्तर द्यावे. आकडे दाखवायचे नाहीत. एकेका मुलाचे नाव घेऊन बोलायचे.

हे वाचून साक्षीला आलेले चित्रकलेचे सर म्हणाले, "बाई, फार कडक झालं. मुलगा आहे तुमचा."

"म्हणून तर त्याला दिलंय," मी म्हटले. यातले एक अक्षरही बदलणार नाही. उलट एक वाक्य वाढवते: सुरुवात त्याने स्वतःच्या मुलापासून करावी.

सही: मुख्याध्यापिका (निवृत्त)

साक्षीदार: १. चित्रकलेचे सर, त्याच शाळेचे. २. तळमजल्यावरची वह्या-पुस्तकांची दुकानदारीण.

स्थळ: राहते घर, पुढची खोली, म्हणजेच वर्ग.
दिनांक: नव्या शालेय वर्षाचा पहिला दिवस.