सही नसलेला कागद

३ मार्च, सकाळी आठ
हिने वॉर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. मला विचारलं नाही, सांगितलं. कारण काय, तर कोपऱ्यावरचा दवाखाना. तिथे ही अठ्ठावीस वर्षं नर्स होती. आता तो बंद करून जागा टाइल्सवाल्याला शोरूमसाठी द्यायचं घाटतंय, आणि टाइल्सवाला स्वतःच निवडणुकीला उभा आहे. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या.

हिला वाटतं, अख्ख्या वॉर्डाला इंजेक्शनं दिलीत, तेवढी ओळख पुरे. भाबडी आहे. निवडणूक जिंकतात ती कागदावर, आणि कागद म्हटला की मी. परवाना खात्यात एकतीस वर्षं काढली. सही नसलेला एक अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेला असेल तर शपथ. निवडणूकप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. मीच केली, दुसरं लायक कोणी नव्हतं.

नियमाप्रमाणे या नोंदीखालीही सही करतोय. सही नसलेला कागद म्हणजे रद्दी.
सही/-

७ मार्च
यादी आणली. वॉर्डात टपाली मतं त्रेचाळीस. आजारी, बाहेरगावी असलेले आणि पासष्टीच्या पुढचे. (मीही त्यात आहे. रांगेत उभं राहून घाम गाळणं सामान्यांसाठी.) मतपत्रिका घरी येते. तिच्यावर बरोबरची खूण करायची, ती लहान पाकिटात घालून चिकटवायची. वेगळं घोषणापत्र असतं, त्यावर आपली सही, साक्षीदाराची सही. मग सगळं मोठ्या पाकिटात घालून मतदानाच्या आदल्या दिवशी पाचच्या आत निवडणूक कार्यालयात.

एवढं साधं. पण आपली जनता! पाकिटात पाकीट म्हटलं की यांच्या तोंडाला फेस. मतपत्रिका आल्या की आमच्या जेवणाच्या टेबलावर मार्गदर्शन केंद्र. दारावर बोर्ड लावला, दहा ते एक, कागदपत्रांसह यावे. ही म्हणाली, मग जेवायचं कुठे? उमेदवाराने इतकं क्षुल्लक बोलू नये.
सही/-

१२ मार्च, दुपार
मतपत्रिका आल्या. केंद्रावर पहिल्याच दिवशी नऊ जण. नऊही सदोष. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आईची घोषणा हिरव्या शाईने भरली होती. परत पाठवला. काळ्या शाईने आणली, तर तारीख नाही. परत. तिसऱ्यांदा त्याची आईच आली, काठी टेकत, दोन जिने चढून. मी शांतपणे समजावलं, आजी, घोषणापत्र ठीक आहे, पण मतपत्रिकेवरही खुणेखाली सही हवी, नाहीतर हे मत तुमचंच कशावरून? म्हातारी म्हणते, कागदावर लिहिलंय की सही करू नये, मत बाद होतं. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. सूचना तपासल्या नाहीत, गरज नाही. सूचना अडाण्यांसाठी असतात.

म्हातारी जाताना म्हणाली, सिस्टरांकडे बघून मत देतेय हो, नाहीतर तुमच्याकडे बघून टाइल्सवाल्याला दिलं असतं. गाढवापुढे वाचली गीता.
सही/-

१३ मार्च
वरच्या मजल्यावरचे मास्तर आले होते. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनाही सही करायला सांगितलं. मास्तर म्हणाले, एकदा नियम वाचा. मी म्हटलं, नियम मी वाचत नाही, मी लावतो. मास्तर कागद गोळा करून निघाले. पटलं असणार.

जेवताना ही एकदम म्हणाली, अहो, तुम्ही लोकांना मतपत्रिकेवर सही करायला सांगताय का? मी म्हटलं, अर्थात. हिने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, उद्यापासून तुम्ही आराम करा, म्हणजे मला फार मदत होईल. माझ्या तब्येतीची हिला किती काळजी! पण मी कर्तव्य सोडणाऱ्यांतला नाही.
सही/-

१७ मार्च
केंद्रावर कोणी नाही. काल नाही, परवाही नाही. अर्थ उघड आहे, जनता साक्षर झाली. पाच दिवसांत! सरकारला पन्नास वर्षांत जमलं नाही.

ही मात्र भलतीकडेच वेळ घालवते. सकाळी पिशवीत डिंकाची बाटली आणि काळी पेनं टाकून निघते, ती दिवेलागणीला परत. म्हणे लोकांना भेटते. विचारलं, डिंक कशाला? तर म्हणाली, कामाला येतो. काहींना तर कार्यालयातून नवी मतपत्रिकाही मिळवून दिली म्हणे, आधीची खराब झाली होती. कोणी खराब केली कोण जाणे. उमेदवाराने पोस्टर बघावीत, भाषण करावं. घरोघर डिंक वाटून कुणी निवडून आलंय?
सही/-

२० मार्च, रात्र
आज सकाळी माझं मत. ही बाहेर. टेबल पुसलं, हात धुतले, नवं पेन. हिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. काय सांगू, क्षणभर भरून आलं. अडतीस वर्षांच्या संसारात हिचं नाव इतक्या ठळक अक्षरात पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं. मग खाली माझी पूर्ण सही केली, तारखेसह. त्याखाली सुवाच्य अक्षरात ‘शुभेच्छा’.  साक्षीदार म्हणून शिंप्याला बोलावलं. पाकिटात पाकीट घालताना त्याला सहीचा कोपरा दिसला असावा. तो म्हणाला, काका, मतपत्रिकेवर काही लिहायचं नसतं ना? कापड कापणाऱ्याने कापड कापावं.

टपालावर विश्वास नाही. स्वतः कार्यालयात जाऊन पेटीत टाकलं. संध्याकाळी हिला सरप्राइज म्हणून सांगितलं, माझं मत पोहोचलंसुद्धा. ही चपला काढता काढता थांबली. विचारलं, सही कशाकशावर केलीत? मी म्हटलं, मतदान गुप्त असतं, उमेदवाराला सांगता येत नाही, आचारसंहिता आहे. ही तशीच दाराशी उभी राहिली, एक चप्पल पायात, एक हातात. भारावून गेली असणार.
सही/-

२८ मार्च, मतदान
दिवसभर खिडकीतून देखरेख. शिंपी दुकान बंद करून लोकांना रिक्षात घालून नेत होता. मास्तर त्याला नावं वाचून दाखवत होते. ही उन्हात. माझा अंदाज, आपण दोनशेने पुढे. विजयाचं भाषण लिहून ठेवलंय. पहिला परिच्छेद माझ्याबद्दल आहे.
सही/-

२९ मार्च, दुपारी चार
मोजणीच्या हॉलमध्ये उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मी हिच्या शेजारी बसलो. यंत्रांची मतं झाली. टाइल्सवाला दहाने पुढे. मग टपाली. एकेक पाकीट फोडताना निवडणूक अधिकारी बाई मोठ्याने वाचत होत्या. वैध, वैध, वैध. शिंप्याच्या आईचं वैध. मास्तरांचं वैध. मी मान डोलावत होतो. माझं मार्गदर्शन.

बेचाळीस झाली. सव्वीस आपली, सोळा त्याची. दोघं बरोबरीत, आठशे एकावन्न. एक पाकीट उरलं. बाईंनी ते फोडलं, कागद उलगडला, आणि हसू दाबत दोन्ही उमेदवारांसमोर धरला. मतदाराची ओळख पटते, मत बाद. टाइल्सवाला मान वाकडी करून मोठ्याने वाचायला लागला, ‘शुभेच्छा’! सगळा हॉल हसला. ही हसली नाही. ती सही ती अडतीस वर्षं बघतेय.

बरोबरी म्हणून चिठ्ठी टाकली. टाइल्सवाल्याची निघाली.

रिक्षात ही बाहेर बघत होती. मी म्हटलं, नियमच चुकीचा आहे. ही म्हणाली, बेचाळीस घरं पालथी घातली, प्रत्येकाला बजावलं की यांचं ऐकू नका, मतपत्रिकेवर सही करू नका. आपलं घर तेवढं शेवटी ठेवलं, म्हटलं ते कुठे पळून जातंय.

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.
सही/-

३० मार्च
भाषण फाडलं. दारावरचा बोर्ड काढला. सूचनांचा कागद वाचला. मुद्दा चौथा, ठळक टायपात. म्हातारीचा चष्मा चांगला आहे.

२ एप्रिल
दवाखाना बंद करू नये म्हणून ही निवेदन घेऊन फिरतेय. पुन्हा तीच पिशवी. आज दुपारी माझ्यासमोर बसली. सहाशे चौदा सह्या झाल्यात. म्हातारीची सही पहिली. टाइल्सवाल्याच्या मेहुण्याचीसुद्धा सही आहे.

हिने शेवटच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, इथे करा. फक्त इथे.

केली. दोनदा विचारलं, इथेच ना?