वन्संच्या कमरेवरची ओळ

लामू, ३ मे १९७८

ती. मिझावन्सं यांस,
तातूचा सलाम वि. वि.

तुम्ही मोंबासाला सुखरूप पोचलात हे तुमच्या बकारीकडून कळलं. तुम्ही कळवाल ही आशा नव्हतीच.

माझी झुवेना बकारीला द्यायची ठरली म्हणून मी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका जेवायला बोलावल्या, नारळाच्या दुधातला भात केला. आणि मुलाची आई आली ती लेसोची नवीकोरी जोडी नेसून, एक कमरेला, एक डोक्यावरून. कमरेच्या लेसोवर ठसठशीत छापलेलं : ‘तुझ्या गोड बोलण्याला मी भुलायची नाही’. गुंडाळलात तोही असा मापात, की ओळ नेमकी मागे आडवी यावी, एक अक्षर चुणीत जाऊ नये. पाण्याच्या निमित्तानं माझ्यापुढून तीनदा गेलात. इतकी तहान लागली होती का हो? बायका तोंडाला लेसोचं टोक लावून हसत होत्या.

मी काय घोडं मारलंय तुमचं, तेवढं सांगा.

लोभ आहे असं समजून चाललेली,
तातू


मोंबासा, १४ मे १९७८

तातू हिस,
मिझाचा सलाम. आशीर्वाद या खेपेला नाही.

ओळ मी मुद्दाम निवडली. बाजारात चार दुकानं पालथी घातली. तूही काही कमी नाहीस. लगेच आत जाऊन लेसो बदलून आलीस : ‘जळणारीने खुशाल जळावं’. पेटीत तयारच होता ना?

घोडं विचारतेस? माझा अथमानी दोन महिने अंथरुणाला खिळला होता. तू दर पत्रात लिहीत होतीस, वन्सं, ते मजेत आहेत, मासळी चवीनं खातात. मग एकदम तार. मी पोचले तेव्हा कबरीवरची मातीसुद्धा वाळली होती. सहा वर्षं झाली, एकुलत्या भावाचं तोंड मला शेवटचं दिसलं नाही. असलं तुझं गोड बोलणं!

सोयरीक मोडली. बकारीला मी सांगितलंय.

लोभ कधी होता ते आठवत नाही.
मिझा


लामू, २९ मे १९७८

ती. वन्संना सलाम वि. वि.

तुम्ही सांगितलंत, पण पोरानं ऐकलं कुठे? दोघांनी परवा मालिंदीला निकाह लावला. झुवेनाचा आजोबा, माझ्या सासऱ्यांचा भाऊ, वली म्हणून, मुलीच्या बापाच्या जागी, उभा राहिला. मला बोलावलं नाही, तुम्हालाही नाही. झुवेना म्हणते, दोघी एकमेकींना पाठ दाखवत फिरणार असाल तर कुणीच नको.

आता तुमचं. त्यांच्या अंगावरून वारा गेला होता. तोंड डावीकडे ओढलेलं, लाळ गळायची. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, मिझाला असं दाखवायचं नाही, तिनं मला देखणा म्हणून खांद्यावर मिरवलंय. म्हणून मी मासळीच्या गोष्टी लिहीत बसले. एकीकडे त्यांचं तोंड पुसत होते, दुसरीकडे तुम्हाला लिहीत होते. सहा वर्षं तुमचे टोमणे खाल्ले, शपथ मोडली नाही. आज मोडली. तुम्ही मोडायला लावलीत, हे मी विसरणार नाही.

तातू


मोंबासा, ७ जून १९७८

तातूस,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होते.

तुला माफ केलेलं नाही. वाकडं असलं तरी तोंड माझ्या भावाचं होतं. त्याला काय कळत होतं? लहानपणी खरूज झाली तेव्हाही मीच कडेवर घेऊन फिरले होते. त्यानं नको म्हटलं, तरी तू गुपचूप तार करायचीस. तुझ्या जागी मी असते तर केली असती.

गुरुवारच्या बसनं मी मालिंदीला पोरांकडे जातेय. तुला यायचं तर ये. एका चटईवर बसणार नाही.

एवढंच विचारायचं होतं. जीभ वळत नसताना तो माझं नाव कसं घ्यायचा? पत्रात लिहू नकोस. तिथं आलीस की तसंच म्हणून दाखव.

लोभ नसला तरी येणं असावं.
मिझा