थोरलीचं ‘बरोबर’

१२ नोव्हेंबर

प्रिय थोरले,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? नात पळायला लागली असेल, म्हणजे तुझी ड्युटी आमच्यापेक्षा कडक. इकडे सगळं ठीक. वॉर्डला नवा रंग दिलाय, असा भडक पोपटी की बघून पेशंटच म्हणतील, घरी सोडा. खिडकीजवळचं तुझं स्टूल अजून आहे आणि अजून लंगडतंय.

सख्ख्या नसताना सगळं हॉस्पिटल आपल्याला थोरली-धाकटी म्हणायचं, आठवतं? औषधांची ट्रॉली लावली की मी नाव, डोस, खाट मोठ्याने वाचायचे. तू चष्मा नाकावर ओढून स्वतः वाचायचीस, मगच “बरोबर” म्हणायचीस. मोठे डॉक्टर दारात खोळंबले तरी तू ढिम्म! “त्यांना थांबता येतं. टोचलेलं परत काढता येत नाही.” नंतर चहाला किती हसायचो आपण.

तू निवृत्त झालीस, पण तुझ्या जागी अजून कुणी दिलेलं नाही. एका ड्युटीला दुसरी जोडलेली, हे रोजचंच. पाय सुजतात, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. पण सवय जात नाही बघ. मी मोठ्याने वाचते आणि तुझ्यासारखं नाकात मीच “बरोबर” म्हणते. पेशंट हसतात. मलाही गंमत वाटायची.

परवा दुपारी तसंच केलं. इन्सुलिन भरलं, वाचलं, “बरोबर” म्हणाले. खिडकीजवळचे शिंपीकाका बाही वर करता करता थांबले.

“सिस्टर, मघाशीच दिलंत की.”

दिलं होतं गं. मीच. मध्येच हाक आली, नोंद राहिली आणि डोक्यातूनही पार पुसलं गेलं. सिरिंज खाली ठेवली आणि तुझ्या स्टुलावर बसले. काकांनीच मला पाणी दिलं.

तशीच मेट्रनकडे गेले आणि सगळं सांगितलं. जोडीला कुणी असल्याशिवाय इंजेक्शन भरणार नाही, नोकरी गेली तरी चालेल, हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “नवीन सिस्टर मिळेपर्यंत थोरली सकाळपुरती येते का, विचार.”

म्हणून हे पत्र. नात आहे, गुडघे आहेत, मला कळतं. नाही म्हणालीस तर रुसणार नाही. पण मी फार घाबरले आहे गं. माझ्या तोंडचं ‘बरोबर’ मला आता खरं वाटत नाही.

स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठा सारून ठेवलाय. आता लंगडत नाही.

तुझीच,
धाकटी